पायवाटेचा मान

गेल्या महिन्यातल्या लेखात मी राजहंसगडावर सायकलने जाते, असा ओझरता उल्लेख केला होता. लेख होता पावसाच्या नोंदींवर, पण वाचकांचे निरोप आले ते सगळे सायकलबद्दल. बहुतेकांचा प्रश्न एकच. गडापर्यंत डांबरी रस्ता आहे, स्कूटर जाते, चारचाकी जाते. मग पायवाटेने सायकल चढवायचा हा उद्योग कशासाठी? एका भगिनीने तर स्पष्टच विचारलं, "मॅडम, पंचेचाळिशीनंतर गुडघे सांभाळायचे की डोंगर चढायचे?" प्रश्न रास्त आहेत. म्हणून आज पावसाचे आकडे बाजूला ठेवते आणि त्या पायवाटेबद्दल लिहिते. लिहिण्याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी वाट सांगते. वडगाव सोडून येळ्ळूर रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भाताचं शिवार सुरू होतं. बेळगाव बासमतीचं नाव ज्या शिवारांनी राखलं, त्यांतलं हे एक. दिवाळीच्या आसपास सकाळी इथून गेलं तर पिकलेल्या भाताचा वास अंगावर येतो. संक्रांतीच्या सुमारास त्याच रानात मसूर, वाटाणा, हरभरा उभा असतो. चांगळेश्वरीचं देऊळ ओलांडून गावाबाहेर पडलं की घरं मागे राहतात आणि राजहंसगडाची टेकडी समोर येते. डांबरी रस्ता वळसे घेत वर जातो. तो सोडायचा आणि शिवारातली पाणंद धरायची. पाणंद बैलगाडीच्या रुंदीची. ती जिथे संपते तिथे पायवाट सुरू होते, आणि ही मात्र एका माणसाच्या रुंदीची. एकामागे एक जावं लागतं. दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही. डोंगरात सायकल घालणाऱ्यांना अशीच वाट सर्वांत प्रिय असते. ते तिला 'सिंगल ट्रॅक' म्हणतात. आपल्याला नव्या नावाची गरज नाही, पायवाट हा शब्द पुरेसा आहे.

आमच्या घरात या वाटेला दोन नावं आहेत. माझं माहेर मराठी, सासर कानडी. सासूबाईंना आम्ही सगळे अत्ती म्हणतो; त्या पायवाटेला 'कालदारी' म्हणतात. कानडीत काल म्हणजे पाय आणि दारी म्हणजे वाट, हे आपल्या बहुतेक वाचकांना सांगायला नको. पण माझी मुलगी लहान असताना अज्जीच्या तोंडून हा शब्द ऐकून मला विचारायची, "आई, काल दारी कोण आलं होतं?" घरात त्यावर पुष्कळ हसणं झालं. आज वाटतं, तिच्या चुकीच्या अर्थातही थोडं खरं होतं. पायवाट कालचीच असते. कुणीतरी आधी चाललं, रोज चाललं, म्हणून ती आज आपल्या दारी आली. डांबरी रस्त्याचं टेंडर निघतं, पायवाटेचं निघत नाही. ती नुसत्या पायांनी तयार होते आणि पाय थांबले की दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते.

आता या खेळाविषयी थोडं. डोंगरात सायकल घालण्याचा हा प्रकार फार जुना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाचा भाग आहे आणि तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली शोधून काढल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. जेमतेम साडेतीन किलोमीटरची वाट, पण तेवढ्यात सुमारे चारशे मीटरचा उतार. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. पायडल उलटं दाबलं की तो लागायचा. इतक्या उतारावर हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत या पुन्हा भरण्यावरून त्या वाटेचं नावच 'रिपॅक' पडलं. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांची नावं पुढे या सायकलींच्या इतिहासात कायमची गेली. १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही सायकल कारखान्यात तयार होऊन बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ अधिकृतपणे दाखल झाला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत.

आपल्याकडे मात्र खडबडीत वाटेवर सायकल चालवणं हा खेळ नव्हता, ते रोजचं जगणं होतं. दुधाच्या किटल्या लावून पहाटे पाणंदीतून शहराकडे निघालेले गवळी आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. २००६-०७ पासून कर्नाटकात आठवीच्या मुलांमुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या. माझ्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुली त्याच सायकलवरून हायस्कूल शिकून आल्या. गिअर नाही, वजन भरपूर, मागे कॅरिअरला दप्तर आणि कधी कधी दप्तरावर धाकटी बहीण. त्या मुली शिवारातल्या बांधावरून ज्या सफाईने जायच्या, ती पाहिली की आजच्या एकवीस गिअरवाल्यांनी हात जोडावेत. त्यामुळे हा खेळ परदेशातून आला, एवढंच म्हणून थांबू नये. नाव तिकडून आलं. कसब इथे आधीपासून होतं.

मी चाळिशी ओलांडल्यावर सुरुवात केली, तीही मुलीमुळे. तिला गिअरची सायकल घेतली आणि ती एकटीने पाणंदीत जाऊ नये म्हणून मी सोबत निघाले. अत्ती दारात उभ्या राहून म्हणाल्या, "याक बेकव्वा इदेल्ला?" कशाला हवं हे सगळं? त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. सून कॉलेजात शिकवते, सलवार-कमीज घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून रविवारी सकाळी सहाला घराबाहेर पडते, गल्लीतली माणसं बघतात. मी त्यांना काही पटवून दिलं नाही. दर वेळी परतताना येळ्ळूरच्या शिवारातला भाजीपाला तेवढा आणत गेले. ताजी कोथिंबीर आणि ओला हरभरा घरात यायला लागल्यावर प्रश्न मागे पडला. आता निघताना त्या एवढंच म्हणतात, "सावकाश होगव्वा." सावकाश हा शब्द मराठीचा की कानडीचा, हे आपल्या भागात कुणी विचारत नाही. दोन्ही घरचा आहे.

आणि हा शब्द या वाटेवर सर्वांत उपयोगाचा आहे. चढताना घाई करणारा आधी दमतो. पुढचा सर्वांत लहान आणि मागचा सर्वांत मोठा दाता, म्हणजे सर्वांत हलका गिअर, चढ सुरू व्हायच्या आधी टाकून घ्यावा. ऐन चढावर जोर लावून गिअर बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही. सीटवर थोडं पुढे सरकायचं, कोपर वाकवून छाती हँडलकडे आणायची, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. उभं राहून पायडल मारलं तर मागच्या चाकावरचं वजन जातं आणि मुरमात ते नुसतं जागच्या जागी फिरतं. टायरमध्ये रस्त्यावर भरतो त्यापेक्षा हवा थोडी कमी ठेवावी; जाड टायर दगडावर जरा दबला की पकड मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचं, नजर. समोर दगड आला की नवखी व्यक्ती त्या दगडाकडेच बघत राहते आणि नेमकी त्यावर जाऊन आदळते. जिथे जायचं आहे तिथे बघावं, दगडाच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे. सायकल नजरेच्या मागे जाते. हे मी मुलीला शिकवलं नाही, तिने मला शिकवलं.

राहिला गुडघ्यांचा प्रश्न. हलक्या गिअरमध्ये, सीटची उंची नीट ठेवून सावकाश पायडल मारलं तर चालत डोंगर उतरण्यापेक्षा गुडघ्यांवर ताण कमी येतो, असा माझा अनुभव आहे. सीट फार खाली असली की मात्र गुडघे दुखतात. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, एवढी सीट वर हवी. ज्यांना आधीपासून गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघावं.

आता ते दुसरं कारण. गेल्या सुगीनंतर (अत्तींच्या भाषेत सुग्गी) आम्ही मायलेकी वर निघालो, तर पायवाट जिथे सुरू होते तिथे बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. जनावरं अडवायला टाकतात तशा नव्हेत. नीट रचून, दगड ठेवून. शेजारच्या बांधावर एक आजी वैरण बांधत होत्या. आम्ही सायकलवरून उतरून विचारलं, तेव्हा कळलं की काट्या सायकलवाल्यांसाठी आहेत. आधीच्या रविवारी शहराकडचे सात-आठ जण वरून जोरात उतरले. आजी डोक्यावर भारा घेऊन खालून चढत होत्या. पहिल्याने ओरडून बाजूला व्हायला सांगितलं. त्या बाजूला झाल्या, करवंदीच्या जाळीत. भारा पडला, हाताला काटे लागले, आणि एकही जण थांबला नाही. आजी शांतपणे सांगत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुमची ही मौज आहे, बाई. आम्ही जायचं कुठनं?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. डांबरी रस्त्यावर ज्याचं वाहन मोठं, त्याला वाट मिळते. लॉरीला कार वाट देते, कारला स्कूटर, स्कूटरला सायकल, आणि पायी जाणारा कडेच्या गटारात उतरतो. हे चूक आहे हे सगळ्यांना कळतं, पण आपल्या अंगवळणी पडलं आहे. पायवाटेवर जाताना तीच सवय आपण सोबत नेली तर तिथे सायकल हीच लॉरी होते. खरं तर तिथे क्रम उलटा असायला हवा, आणि त्याला साधं कारण आहे. डोक्यावर भारा असलेल्या बाईला खाली पायांशी बघता येत नाही. तिला एकदम थांबता येत नाही, वाटेबाहेर पाय टाकता येत नाही; तोल गेला तर भाऱ्यासकट जाईल. चढणाऱ्या सायकलवाल्याला थांबलं तर पुन्हा सुरुवात करणं अवघड जातं. उतरणाऱ्याला मात्र दोन बोटांनी ब्रेक दाबला की झालं. ज्याला थांबणं सर्वांत सोपं, त्याने थांबावं. ओझंवाल्याला पहिला मान, मग पायी चालणाऱ्याला आणि जनावराला, मग चढणाऱ्या सायकलला, आणि सर्वांत शेवटी उतरणाऱ्या सायकलला.

हा काही माझ्या मनाचा नियम नाही. घाटात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्या गाडीने आधी वाट द्यावी, हे आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातले जुने ड्रायव्हर ते पाळतात. अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पर्वतीय सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतही पायी चालणाऱ्याला आणि चढणाऱ्याला वाट द्या, जनावरांना बिचकवू नका, वाटेवर आपल्या खुणा सोडू नका, असंच सांगितलं आहे. ते लिहावं लागलं, कारण तिथे ठेच लागली होती. ज्या मरिन काउंटीत हा खेळ जन्मला, तिथल्याच बहुतेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या. पायी चालणारे, घोड्यावरून जाणारे आणि सायकलवाले यांच्यातलं भांडण तिथे कित्येक वर्षं चाललं. आगबंबांसाठी ठेवलेल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर सायकल नेता येते, पण तिथेही ताशी सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा, आणि आंधळ्या वळणावर किंवा कुणाला ओलांडताना ताशी सुमारे आठ. जन्मगावीच पोराला उंबऱ्याबाहेर ठेवलं, अशातली गत. तिथे कायद्याच्या पाट्या लागल्या, आपल्याकडे बाभळीच्या काट्या. अर्थ एकच.

काट्यांना आणखी एक बाजू आहे, ती मला भूगोलाची शिक्षिका म्हणून दिसते. बेळगावात वर्षाकाठी सरासरी बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी डोंगरावरून उतरताना सोपी वाट शोधतं. पायाने तयार झालेली वाट मधोमध थोडी चेपलेली असते, पण सपाट. पाणी तिच्यावर पसरून बाजूला निघून जातं. उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं. दिसायला ते रुबाबदार दिसतं, तरुण मुलांना आवडतं. पण त्या घसरण्याने मुरमात एक सरळ चर पडतो. पहिल्या वळवाचं पाणी त्या चरात शिरतं, चर खोल होतो, पुढच्या वर्षी ओहोळ होतो. मग लोक ओहोळाच्या बाजूने चालायला लागतात, तिथलं गवत मरतं, वाट रुंदावते आणि तिलाही चर पडतो. राजहंसगडाच्या वाटेवर वरच्या अंगाला अशी एक जागा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे माझ्या बोटाएवढा चर होता. आता त्यात गुडघाभर पाय जातो.

नव्या वाटा आखणारे यासाठी एक साधा हिशेब वापरतात. वाटेचा चढ डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, आणि सरासरी चढ शेकडा दहाच्या आत असावा. म्हणजे शंभर मीटर चाललं तर दहा मीटरपेक्षा जास्त उंची चढायची नाही. तसं असलं की पाणी वाटेवरून धावत खाली जात नाही, आडवं ओलांडून जातं. गंमत अशी की आपल्या जुन्या गुराखी वाटा पाहिल्या तर त्या बहुतेक अशाच तिरक्या गेलेल्या दिसतात. म्हशीला टक्केवारी कळत नाही, पण दम लागलेला कळतो.

काट्यांच्या त्या प्रसंगानंतर माझ्या कॉलेजातली चार मुलं आणि नेहमी येणारे काही सायकलवाले असे आम्ही एका संध्याकाळी गावात जाऊन बसलो. फार मोठी सभा वगैरे नव्हती, देवळाच्या कट्ट्यावर चहा. गावकऱ्यांचं म्हणणं मोजकं होतं. सायकल न्या, पण सुगीच्या दिवसांत सकाळी वैरणीच्या वेळेला नेऊ नका; उतरताना गावाजवळचा शेवटचा टप्पा सायकल हातात धरून चालत या; आणि घंटी लावा. आमच्यातल्या महागड्या सायकलींना घंटी नव्हती, ही गोष्ट गावातल्या मुलांना फार विनोदी वाटली. घंट्या लागल्या. चर पडलेल्या जागी मुलांनी दोन रविवार खपून दगडांच्या आडव्या ओळी बसवल्या, म्हणजे पाणी बाजूला वळेल. पहिल्या पावसात त्यांतली एक ओळ वाहून गेली, दुसरी टिकली. काट्या निम्म्या निघाल्या, निम्म्या अजून आहेत. तिथे सायकल उचलून बांधावरून न्यावी लागते. मला त्यात काही गैर वाटत नाही. विश्वास एका चहाने परत येत नाही.

वर पोचल्यावर काय मिळतं, तेही सांगायला हवं. गड लहान आहे. तटबंदी, दरवाजा, आत सिद्धेश्वराचं देऊळ आणि विहीर. रट्टांच्या काळापासून बेळगावच्या राखणीसाठी हा गड होता असं सांगतात. रट्टांनी आपली राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामाला, म्हणजे आपल्या बेळगावला, आणली ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीला. २०२३ च्या मार्चमध्ये गडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला, तेव्हापासून रविवारची वर्दळ वाढली आहे. सकाळी साडेसातच्या आत पोचलं तर तटावर निवांत बसायला मिळतं. उत्तरेला बेळगाव शहर पसरलेलं, मधे येळ्ळूरचं शिवार, आणि पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडच्या डोंगरांच्या एकामागे एक निळ्या रांगा. हिवाळ्यात धुकं शिवारावर बसलेलं असतं आणि हळूहळू उठतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी इथे एक गोष्ट हमखास दाखवते. त्या पश्चिमेच्या रांगांत कणकुंबी आहे. तिथे मलप्रभा उगम पावते. गोव्याचा समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, पण ही नदी तिकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच खानापूर तालुक्यातून निघालेली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन नद्या, एकाच डोंगरात जन्मलेल्या, दोन समुद्रांना गेल्या. वरच्या माथ्यावर थेंब थोडा इकडे पडला की तिकडे, एवढ्यावर सगळं ठरलं. पायवाटेवरच्या बोटाएवढ्या चराचंही तसंच असतं, हे तटावर बसून मुलांना चटकन पटतं. वर्गात फळ्यावर काढलं की पटत नाही.

उतरणं हा अर्धा भाग आणि तोच कठीण. सीट दोन बोटं खाली घ्यायची. दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून त्यांवर किंचित उभं राहायचं, म्हणजे दगडाचा धक्का पाठीला न बसता गुडघ्यांत जिरतो. दोन्ही ब्रेक हळूहळू, एकत्र दाबायचे. थांबवण्याचा जोर मुख्यतः पुढच्या ब्रेकमध्ये असतो, पण तो एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. आणि नुसता मागचा दाबला तर चर पडतो. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि जिथे मनाला शंका येईल तिथे उतरून चालायचं. माझी मुलगी सुरुवातीला यावर नाराज असायची. चालत उतरलं तर सायकल आणली कशाला, असं तिचं म्हणणं. परवा मात्र मी मागे होते आणि ती पुढे. एका वळणापाशी तिची घंटी ऐकू आली, मग शांतता. पोचून बघते तर ती सायकलसकट वाटेबाहेर गवतात उभी, आणि एक बाई सरपणाची मोळी घेऊन सावकाश तिच्या पुढून वर चाललेली. दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. बाईंनी जाताना नुसती मान हलवली. मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "बघतेस काय आई, चल की."

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पायवाटेवर सायकल घालू नये, ओल्या मातीत चाक रुततं आणि वाट बिघडते. तेव्हा डांबरी रस्त्याने जावं. माणशी दोन लिटर पाणी, हेल्मेट, एक जादा ट्यूब, पंप, आणि पंक्चर काढता येणारा एकजण सोबत हवा. महाग सायकल लागतेच असं नाही; जाड टायर, चालू ब्रेक आणि हलका गिअर एवढं पुरतं. गडावर प्लास्टिक टाकू नये, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगते. गाव ओलांडताना कुणी "खुठं चालला?" विचारलं किंवा "एल्लि होंटीरी?" म्हटलं, तर थांबून उत्तर द्यावं. त्या प्रश्नात चौकशी कमी आणि ओळख जास्त असते, आणि वर काही झालं तर मदतीला तीच माणसं येणार असतात.

आणि समोरून भारा आला तर उतरावं. सायकल बाजूच्या गवतात घ्यावी, बाई पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबावं, मगच पुन्हा चढावं. गड कुठे जात नाही.